सदतीसाव्या पानावरची कविता

मे महिन्यात भाची बंगळूरहून सुट्टीला आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक इंग्रजी कादंबरी होती. जाताना ती माझ्या उशाशी ठेवून गेली. "मावशी, ऑफिसातल्या आम्ही चौघीजणी मिळून वाचतोय. मी चाळीस पानांतच दमले. तू वाच आणि सांग, पुढं वाचण्यासारखं आहे का? नसेल तर मी सोडून देते." पुस्तक होतं रे ब्रॅडबरी यांचं 'फॅरनहाइट ४५१'.

पावसाळा लागेपर्यंत माझं वाचून झालं. फोनवर तिला म्हटलं, वाच. ती म्हणाली, का ते सांग. तिथं मी अडखळले. कारण ते सांगायचं तर २०१५ च्या जानेवारीतली एक संध्याकाळ सांगावी लागते, आणि ती मी घरात कुणालाच कधी सांगितलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे. भाचीसाठी, आणि आणखी एका मुलीसाठी. तिच्याबद्दल पुढं येईलच.

मी बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. पंचवीस वर्षं होऊन गेली. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, देवस्थानांची पावतीपुस्तकं, बाराव्याची कार्डं, आणि थंडी सुरू झाली की साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. बेळगावाबाहेरच्या वाचकाला हे शेवटचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे मराठी साहित्य संमेलन मोठ्या शहराची वाट बघत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी अशा गावांत ते दरवर्षी भरतं. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढं लेझीम, भजनी मंडळ, डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका. मंडप गावाचा, जेवण गावाचं, वर्गणी दारोदार फिरून जमवलेली. भात मळून झालेला असतो, हातात थोडा वेळ असतो, आणि शेतकरी माणूस नवा शर्ट घालून कविसंमेलन ऐकायला पुढच्या रांगेत येऊन बसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे हे बघून गहिवरतात. त्यांना वाटतं, इथं भाषेवर किती प्रेम आहे. ते खरंच आहे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला आणि तेव्हापासून इथल्या तीन पिढ्यांनी मराठी ही जपायची वस्तू म्हणून हातात धरलेली आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालतोय तसा चालो. मला बोलायचंय ते या स्मरणिकांच्या पानांबद्दल.

२०१४ हे साल आमच्याकडे चांगलं गेलं नव्हतं. जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक हटवला गेला, तो पुन्हा उभा राहिला आणि मग गावात लाठ्या चालल्या. नोव्हेंबरच्या १ तारखेपासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळं जानेवारीत एका गावची स्मरणिका आमच्याकडे आली, तेव्हा ती आणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा उत्साह असला तरी बोलण्यात सारखा एकच शब्द येत होता, परवानगी. मंडपाची परवानगी, दिंडीची परवानगी, लाऊडस्पीकरची परवानगी. अजून हातात आलेली नव्हती.

स्मरणिका छप्पन्न पानांची. सदतीसाव्या पानावर अकरावीतल्या एका मुलीची कविता. वहीचं रेघी पान फाडून त्यावर निळ्या शाईनं लिहून दिलेली, समासात एक फूल काढलेलं. चार कडवी. मला आठवतं ते पहिलं कडवं असं:

आजी विचारते, वाच गो बाय,
गाडीच्या कपाळी लिहिलंय काय?
साठाव्या वर्षी शिकली अक्षरं,
तीच आता उपेगाची न्हाय.

प्रौढशिक्षणाच्या वर्गात म्हातारपणी मराठी अक्षरं शिकलेली एक बाई. आता बसथांब्यावर उभी राहिली की गाडीच्या कपाळावरची कन्नड पाटी तिला वाचता येत नाही, म्हणून नातीला विचारते. बस. कवितेत घोषणा नव्हती, कुणाला शिवी नव्हती, कुणाचं नावही नव्हतं. 'उपेगाची' हा शब्द शुद्ध करून 'उपयोगाची' करावा का, असा एक विचार मनात आला आणि मी तो तसाच ठेवला, कारण तो त्या आजीचा शब्द होता. चौथ्या कडव्यात एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ केली. आणि मग, का कोण जाणे, समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'ठेवायची का?'

संध्याकाळी संपादक मंडळाचे दोघे आले. प्रुफं चाळता चाळता सदतीसाव्या पानावर थांबले. एकानं माझ्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं, दुसऱ्याकडं बघितलं. दुसरे म्हणाले, "काढूया. उगाच कशाला." मी मान डोलावली. ट्रेसिंग निघायची होती, पान रिकामं ठेवता येत नव्हतं, म्हणून एका सराफाची 'संमेलनास हार्दिक शुभेच्छा' ही अर्ध्या पानाची जाहिरात होती ती पूर्ण पानाची केली. दहा मिनिटांचं काम. त्या स्मरणिकेच्या हजार प्रतींत सदतीसाव्या पानावर पाटल्यांचं आणि मोहनमाळेचं चित्र आहे.

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. संमेलन झोकात झालं. स्मरणिका कुणी तपासायला मागितली नाही. कुणी मागेल असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

आता कादंबरीकडं येते.

गोष्ट थोडक्यात अशी. पुढच्या काळातलं एक शहर. घरं आगीपासून सुरक्षित झालीत, म्हणून आग विझवणाऱ्या बंबवाल्यांना नवं काम दिलंय. ज्याच्या घरी पुस्तक सापडेल त्याचं घर पुस्तकांसकट जाळायचं. नायक माँटॅग हा असा एक बंबवाला. काम आवडीनं करणारा. शेजारची सतरा वर्षांची क्लॅरिस त्याला रस्त्यात भेटते आणि विचारते, तू सुखी आहेस का? तेवढ्यानं त्याच्यात काहीतरी उसवतं. घरी बायको झोपेच्या गोळ्या घेऊन पडलेली. पुढं एका घरावर धाड घालताना म्हातारी बाई पुस्तकं सोडून बाहेर यायला नकार देते आणि स्वतःच काडी ओढते. माँटॅग तिथून एक पुस्तक उचलून काखेत लपवतो, आणि मग त्याचं आयुष्य काही त्याच्या हातात राहत नाही. पुस्तकाचं नाव म्हणजे कागद ज्या उष्णतेला पेटतो ते तापमान, असं ब्रॅडबरींनी सांगितलंय.

कादंबरी १९५३ ची. तिचा पहिला खर्डा त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. तिथं भाड्याचे टाइपरायटर होते. दहा सेंटचं नाणं घातलं की अर्धा तास चालायचे. नऊ दिवसांत नऊ डॉलर ऐंशी सेंट खर्चून खर्डा पुरा झाला. कॉलेजात न गेलेला माणूस, सगळं शिक्षण ग्रंथालयांत झालेलं, आणि वर कपाटांत पुस्तकं भरलेली असताना खाली बसून पुस्तकं जाळणाऱ्यांची गोष्ट लिहितोय. घड्याळ चालू आहे, नाणं संपत आलंय. वाक्यांमध्ये ती घाई आहे. मला ती सुरुवातीला सोसली नाही. भाची चाळीस पानांत दमली ते समजण्यासारखं आहे. एका उपमेवर दुसरी उपमा, तिच्यावर तिसरी. माझा हात सारखा पेन्सिलीकडं जात होता.

आणखी दोष सांगायचे तर क्लॅरिस. एवढी जिवंत मुलगी, आणि माँटॅगला जागं करण्याचं काम झालं की लेखक तिला गोष्टीतून काढून टाकतो, गाडीखाली गेली असं उडतउडत कळतं. बायको मिल्ड्रेड तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती रिकामी. तिला आतून कधी बघितलंच नाही. मला या दोघींसाठी वाईट वाटलं आणि रागही आला. जी पुस्तकं वाचवायची म्हणतात त्यांची नावं बघावीत तर जवळपास सगळी पश्चिमेकडच्या पुरुषांची. आणि शेवटी शहरावर बाँब पडून सगळं एकदम मिटतं, ते मला घाईचं वाटलं.

कानात घालायचे शिंपल्यासारखे रेडिओ, भिंतीएवढे टीव्ही, बायकोला चौथी भिंतही टीव्हीची हवी. हे आज खरं झालंय, यावर सगळेच लिहितात. मी थांबत नाही.

मी थांबते ती पहिल्या भागाच्या शेवटी, जिथं माँटॅग आजारी म्हणून घरी राहतो आणि त्याचा वरिष्ठ कॅप्टन बीटी त्याला भेटायला येतो. पाइप ओढत पलंगापाशी बसतो आणि हे सगळं कसं सुरू झालं ते सांगतो. भाचीला मी म्हटलं, काही झालं तरी तिथपर्यंत पोच. बीटी हा जाळणाऱ्यांचा मुख्य, पण पुस्तकांतले उतारे त्याला तोंडपाठ. त्याच्यासारखा जिवंत माणूस कादंबरीत दुसरा नाही. तो सांगतो की हे वरून, सरकारकडून आलंच नाही. आधी फर्मान नव्हतं, जाहीरनामा नव्हता, बंदी नव्हती. लोकांना घाई होती, म्हणून पुस्तकं आखूड झाली, मग पुस्तकांचे सारांश झाले, मग सारांशांचे सारांश. 'हॅम्लेट' एका पानात. मग या गटाला हे खुपतं, त्या गटाला ते, म्हणून जरा हे काढा, जरा ते काढा. लेखकांनी काढलं, संपादकांनी काढलं. वाचणारे आपणहून कमी झाले. बंबवाले आले ते सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं गोळा करायला.

हे पान मी तीनदा वाचलं. मग पुस्तक पालथं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. पाऊस लागला होता. बीटी बोलत होता आणि मला ऐकू येत होतं, "उगाच कशाला."

आमच्या भागात गळचेपी म्हटलं की आमचं बोट लगेच वर जातं. सरकारकडं, पोलिसांकडं, पाट्यांच्या कायद्याकडं. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायचा नियम आहे, तो आमच्या छापखान्यालाही लागू आहे आणि आमच्या पाटीवर मराठी अक्षरं आता तळाला बारीक आहेत. ते मला रोज दिसतं, रोज खुपतं. त्यावर आम्ही बोलतो, भांडतो, निवेदनं देतो, आणि द्यायलाच हवीत. पण सदतीसावं पान कुठल्या नियमानं गेलं? कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीनं? मी पंचवीस वर्षांत त्या बोटाची दिशा कधी बदलून बघितली नव्हती. अमेरिकेतल्या एका जुन्या कादंबरीतल्या खलनायकानं ती बदलायला लावली.

पूर्वीच्या बंदीचा मराठीला चांगला अनुभव आहे. ज्यांचे 'काळ' या साप्ताहिकातले निबंध इंग्रज सरकारनं जप्त केले, ते शिवराम महादेव परांजपे १९२९ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्याचं पुस्तक सरकारनं उचललं, त्याला आमच्या शहरानं अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. सरकार हिसकावून घेतं तेव्हा निदान कळतं की काय गेलं. मग लोक ते लपवतात, हातानं उतरवून घेतात, एकमेकांना देतात. आमच्या कवितेचं तसं झालं नाही. ती गेली हेच कुणाला कळलं नाही. ती लिहिणाऱ्या मुलीलाही नीट कळलं नाही.

ब्रॅडबरींच्या स्वतःच्या पुस्तकाचं असंच झालं, हे मला नंतर समजलं आणि प्रुफं वाचणारी म्हणून माझ्या अंगावर काटा आला. १९६७ साली त्यांच्याच प्रकाशकांनी शाळांसाठी म्हणून एक आवृत्ती काढली. त्यात पाऊणशेच्या आसपास ठिकाणी शब्द बदलले. शिव्या काढल्या, गर्भपात हा शब्द काढला, दारू प्यालेला माणूस आजारी माणूस झाला, बेंबीतला मळ कानातला झाला. लेखकाला विचारलं नाही, मुखपृष्ठावर सांगितलं नाही. १९७३ पासून तर काही वर्षं बाजारात तीच एक आवृत्ती होती. १९७९ मध्ये काही विद्यार्थ्यांनी पत्र लिहून कळवलं तेव्हा लेखकाला पत्ता लागला. पुस्तकं जाळण्याविरुद्धचं पुस्तक, आणि त्याच्यावर पेन्सिल कुणी चालवली? माझ्यासारख्या कुणीतरी. कुठल्याशा टेबलावर, दिव्याखाली, चहाचा कप बाजूला ठेवून. त्या व्यक्तीनंही समासात आधी एक प्रश्नचिन्ह काढलं असेल. तिच्या मनात वाईट काही नसणार. मुलांच्या शाळेत जायचं पुस्तक, उगाच कशाला.

एक गंमत मात्र मला फार आवडली. माँटॅग हे एका कागद कंपनीचं नाव आणि गोष्टीतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचं नाव फेबर, म्हणजे पेन्सिली बनवणाऱ्यांचं. ठरवून ठेवलेली नव्हती म्हणे, लेखकाच्या बऱ्याच काळानं लक्षात आलं. कागद आणि पेन्सिल. माझ्या टेबलावर दिवसभर याच दोन वस्तू.

जानेवारी २०१५ नंतर काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं एका कवितेचं हळहळणं होईल. पुढच्याच महिन्यात, १६ फेब्रुवारीला, कोल्हापुरात सकाळी फिरायला गेलेल्या गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्यांचं 'शिवाजी कोण होता?' आमच्या घरात होतं, अजून आहे. ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. कोल्हापूर वर, धारवाड खाली, बेळगाव बरोबर मधे. एकाच रस्त्यावरची तीन गावं. दोन्हीकडं आमची सोयरीक, दोन्हीकडं आमच्या बसेस.

आमचे मशीनमन कन्नड. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. ३० ऑगस्टला रविवार होता. सोमवारी ते आले, मशीनवरचं फडकं काढलं नाही, स्टुलावर बसून राहिले. मी चहा दिला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अक्का, त्यांनी आमची सगळी वचनं एकत्र छापली हो. माझ्या घरी खंड आहेत." वचनं म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबत्यांची कन्नड रचना. आणि मग सांगायला लागले. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या लोकांवर तिथल्या राजाचं सैन्य उठलं, तेव्हा हे शरण लोक वचनांची ताडपत्रं उरापाशी बांधून उळवी गावाकडं निघाले. वाटेत लढाया झाल्या. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला डोहर कक्कय्या पडले. चामडं कमावणाऱ्यांचा हा माणूस, त्यानं सैन्य अडवून धरलं आणि मागचे गठ्ठे पुढं गेले. असं परंपरेनं सांगतात. पुढं फ. गु. हळकट्टींनी घराघरांतून तीच ताडपत्रं गोळा केली आणि विजापुरात स्वतःचा छापखाना घातला. "छापखाना, अक्का," अण्णा म्हणाले आणि आपल्या मशीनवर हात ठेवला.

मी कक्केरीवरून शंभरदा गेले असेन. तिथं काय झालं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्या भाषेत न लिहिणाऱ्या माणसाकडून कळलं. मी त्यांना इंद्रायणीचं सांगितलं. गाथा बुडवली आणि लोकांच्या तोंडी होती म्हणून राहिली, असं माझी आई सांगायची. ती स्वतः एक अक्षर वाचायला शिकलेली नव्हती, पण दळताना, भात लावताना, शेवटी दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा तिला अभंग लागोपाठ येत. आम्ही दोघं तिथं बसून तासभर बोलत होतो. एकाचे ताडपत्राचे गठ्ठे, एकीच्या भिजलेल्या वह्या. आमच्या दोन भाषांच्या मोर्च्यांत असं बोलणं कधी होत नाही.

त्याच दिवशी अण्णांनी आणखी एक सांगितलं. कलबुर्गींना १९८९ साली, त्यांच्या लेखनावरून गदारोळ उठला तेव्हा, आपले शब्द मागं घ्यावे लागले होते. घरच्यांचा जीव वाचावा म्हणून घेतले. नंतर ते म्हणाले की त्या दिवशी माझी बौद्धिक आत्महत्या झाली. हे ऐकताना मला सदतीसावं पान आठवलं आणि लाज वाटली. त्यांच्यापुढं निदान खरा धोका होता. माझ्यापुढं काय होतं? एक न आलेला परवाना, जो दुसऱ्या दिवशी आला. तरीही कविता मी शोधली नाही. लाज वाटली आणि मी कामाला लागले. दहा वर्षं गेली.

कादंबरीच्या शेवटी माँटॅग पळून नदीत उडी घेतो, पलीकडं जातो आणि रेल्वेच्या जुन्या रुळांपाशी शेकोटीभोवती बसलेली माणसं त्याला भेटतात. प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलंय. पुस्तक जवळ बाळगणं धोक्याचं, म्हणून डोक्यात बाळगलंय. शहरात आग जाळायला होती, इथं हात शेकायला आहे. परदेशातल्या वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटत असेल. मला ती शेकोटी आमच्या गावच्या देवळासमोरची वाटली. भजनाला बसलेली माणसं अशीच तर दिसतात. आणि तिथंच मला पहिल्यांदा धडधडलं. ती कविता कुणाला पाठ आहे का? वहीचं पान रद्दीत गेलं, ते मला माहीत होतं. छापखान्यातला जुना कॉम्प्युटर बदलून दोनदा नवा झाला होता. सराफाची जाहिरात मात्र नव्या कॉम्प्युटरमध्येही आली होती, कारण ती दरवर्षी लागते.

फेबर म्हणतो की पुस्तकं वाचून भागत नाही. त्यांत जगण्याचा पोत हवा, वाचलेलं पचवायला फुरसत हवी, आणि त्यातून जे कळलं त्याप्रमाणं वागण्याचा हक्क हवा. तिसरी गोष्ट वाचून मी कपाटातून जुन्या स्मरणिका काढल्या आणि लेखकांच्या यादीतलं त्या मुलीच्या गावाचं आणि शाळेचं नाव बघितलं. यादीतून तिचं नाव काढायला आम्ही विसरलो होतो.

शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्याकडं कोण कुणाची कोण हे दोन फोनांत कळतं. ती आता खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. एका शनिवारी दुपारी मी बसनं गेले. बसची पाटी मला वाचता येते, अण्णांनीच कन्नड अक्षरं शिकवली. शाळा सुटली होती. ती व्हरांड्यात वह्या तपासत बसली होती, लाल पेन हातात. मी कोण ते सांगितलं. समासातल्या प्रश्नचिन्हाचंही सांगितलं. सगळं एका दमात बोलले, नाहीतर बोलले नसते.

ती बराच वेळ वहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, मला वाटलं कविता चांगली नव्हती म्हणून घेतली नाही."

त्यानंतर तिनं कविता लिहिलेली नाही. नाराजीनं नाही, तशी ती साधी मुलगी आहे. आपल्याला जमत नाही असं तिनं ठरवून टाकलं, इतकंच. आजी चार वर्षांपूर्वी गेली. संमेलनाला आजी आली होती, हे तिनं सहज सांगितलं. नातीची कविता छापून येणार म्हणून म्हातारी पुढच्या रांगेत बसली होती, आणि घरी गेल्यावर चष्मा लावून स्मरणिकेचं एकेक पान बोटानं वाचत गेली होती.

कविता आठवते का, मी विचारलं. तिनं पहिलं कडवं म्हटलं, न अडखळता. दुसरं म्हटलं. तिसऱ्यात एका ओळीला थांबली, डोळे मिटले, आली. मी माझ्या डायरीत उतरवून घेत होते. चौथं आलं नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघितलं, म्हणजे ओघात येईल. आलं नाही. शिपाई किल्ल्या घेऊन येऊन उभा राहिला तरी आम्ही तिथंच.

चौथ्या कडव्यातला एकच शब्द मला माहीत होता, कारण त्याची वेलांटी मी दीर्घ केली होती. डायरीत चार ओळींची जागा सोडली आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहिला: पाटी.